जुन्या गिरणीच्या जागेवरचा मॉल : गाळ्याचं काम कुठून सुरू करावं

गाळ्याची किल्ली मिळाली की पहिला फोन सुताराला जातो. तो आठवडाभर लांबवा. मॉल जुन्या गिरणीच्या, गोदीच्या किंवा वीजकेंद्राच्या जागेवर उभा असेल, तर निम्म्या अडचणी नकाशात नसतात, फरशीखाली आणि छताच्या वर असतात. त्या शोधा आणि मगच ड्रॉइंग करा.

पहिला शोध सांध्याचा. पोलंडमधल्या वूच शहरात जुन्या कापडगिरणीत २००६ साली 'मानुफाक्तुरा' सुरू झालं, लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रातली दुकानं २०२२ मध्ये उघडली. अशा ठिकाणी जुन्या बांधकामाला नवं जोडलेलं असतं. दोघांचा पाया वेगळा, वजन वेगळं आणि खचणंही वेगळं, म्हणून मध्ये एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे दोन्ही भागांना हलायला वाव देणारी फट, सोडतात. बाहेरच्या पॅसेजमध्ये फरशीतून गेलेली ॲल्युमिनियमची पट्टी शोधा. ती तुमच्या भिंतीपाशी येऊन नाहीशी होत असेल तर सांधा गाळ्यात शिरलाय असं समजा, आणि शिडी लावून छतात त्याच रेषेत फट दिसते का ते बघा. सापडला की त्याच्या दोन्ही बाजूंना फरशी थांबवायची आणि वर सरकणारी कव्हरपट्टी बसवायची. फॉल्स सीलिंगची चौकट आणि जिप्समची भिंतही तिथे तोडायची, पाइपला लवचीक तुकडा द्यायचा. सांध्यावरून सलग फरशी घातली तर काही महिन्यांत गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर जाते. मग सगळे चिकटवणाऱ्या केमिकलला शिव्या घालतात, आणि तीच फरशी पुन्हा तशीच बसवतात.

दुसरी गोष्ट स्लॅबची. मोठ्या मॉलमध्ये बरेचदा पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, म्हणजे काँक्रीटच्या आत ताणलेल्या केबल. ड्रिल लागून केबल तुटली तर स्लॅबची ताकद घटतेच, शिवाय ताण एकदम सुटल्याने जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून मॉलच्या इंजिनिअरकडून केबलचा नकाशा घ्या, जिथे भोक हवं तिथे स्कॅन करून खडूने आखा आणि किती खोल जायची परवानगी आहे ते लेखी मागा. काचेच्या दाराचं फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप बंद करणारी, जमिनीत बसणारी पेटी) हमखास इथेच अडकतं, कारण त्याला जमिनीत खड्डा लागतो. फरशीखालच्या भरावात तो बसत नसेल तर स्लॅब फोडू नका, वेगळ्या बिजागरीचं दार घ्या.

भाराचा हिशेबही आत्ताच करा. दुकानाचा स्लॅब साधारण चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो धरून बांधलेला असतो. नेमका आकडा विचारून घ्या. २३ सेंमी जाडीची, ३ मीटर उंच विटांची भिंत मीटरभर लांबीलाच सुमारे १,३०० किलो भरते. आतली पार्टिशन जिप्समचीच करा.

सिंक कुठे ठेवायचं हे सौंदर्यावर ठरवू नका, ड्रेनच्या तोंडावर ठरवा. ६ मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या पाइपला ६० ला १ असा उतार दिला तर १० सेंमी गेले. त्यात ७५ मिमीचा पाइप आणि वरची फरशी धरली की जमीन २० सेंमी उचलावी लागते. मग दारात १२ ला १ उताराचा रॅम्प करायचा म्हटलं की २.४ मीटर जागा गेली. छोट्या गाळ्यात ती परवडत नाही.

तळघरात गोदाम मिळालं असेल तर माल ठेवण्याआधी ओल तपासा. ४५ सेंमी चौरस जाड प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि किमान १६ तासांनी उघडा. खाली थेंब जमलेत किंवा काँक्रीट काळपट पडलंय, म्हणजे ओल खालून येतेय. वरून रंग मारून ती थांबत नाही. माल पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून वीतभर सोडा. रॅकसाठी तिथे अँकर बोल्ट ठोकू नका. जुन्या कारखान्याच्या मातीतलं पाणी आणि वायू अडवायला स्लॅबला लागून पडदा घातलेला असू शकतो आणि एक खोल भोक त्याला फाडायला पुरतं.

स्प्रिंकलरचं, म्हणजे आग विझवणाऱ्या छतातल्या फवाऱ्यांचं, काम फॉल्स सीलिंगच्या आधी. त्यातला काचेचा बल्ब ठरलेल्या तापमानाला फुटतो आणि पाणी सुटतं. साधारण दुकानात ६८ अंशाचा लाल बल्ब चालतो; ओव्हनच्या वर ९३ अंशाचा हिरवा बसवतात, नाहीतर रोजच्या उष्णतेनेच लाल बल्ब फुटून पाणी सुटायचं. मालाचा वरचा थर आणि स्प्रिंकलर यांत ४५ सेंमी मोकळे हवेत. प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय सीलिंगचा एकही बोर्ड लावू देऊ नका.

विजेचा अंदाज सोपा आहे. १२ किलोवॉट भार, ४१५ व्होल्टचा तीन फेज पुरवठा आणि ०.९ पॉवर फॅक्टर (विजेचा किती भाग प्रत्यक्ष कामी येतो त्याचं प्रमाण) धरला तर प्रत्येक फेजवर साधारण १८.५ अँपिअर येतात. मात्र सगळे दिवे एकाच फेजवर टाकले की हा हिशेब कोलमडतो.

काच सर्वांत शेवटी. टफन्ड काच एकदा भाजली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून फरशी पूर्ण झाल्यावरच माप घ्या: डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशा तीन उंच्या आणि दोन्ही कर्ण. १२ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ३० किलो, १.२ बाय ३ मीटरचा तुकडा १०८ किलोचा. तो सर्व्हिस लिफ्टमध्ये तिरपा घालताना कोपरा दाराला आपटला तर क्षणात त्याचा चुरा होतो. तेव्हा ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन लिफ्टच्या दाराची उंची आणि आतला कर्णही मोजून या.