झटका बसेना, म्हशी थांबेनात

आमचं गवताचं रान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीकडे. पाच एकर, आणि म्हशी-रेडकं मिळून अकरा. सगळं रान मोकळं सोडलं की जनावर कोवळं तेवढंच ओरबाडतं आणि उरलेल्यात रानमोडीचं तण माजतं. म्हणून सहा तुकडे पाडले, मधे सोलर झटका मशीनची तार, म्हणजे शिवलं की जनावराला विजेचा झटका देणारं कुंपण. पाच दिवस एक तुकडा, मग त्याला पंचवीस दिवस विसावा.

पावसाळा झकास गेला. दिवाळीनंतर मात्र थोरली म्हैस तार अंगावर घेऊन सरळ शेजाऱ्याच्या उसात. शिव्या मी खाल्ल्या. मशीन टिकटिक करतंय, बॅटरी भरलेली. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. (तो दुसरं काय म्हणणार!) काकांनी एकच विचारलं, "अर्थिंगची माती ओली हाय काय रे?"

तिथंच घोडं पेंड खात होतं. करंट तारेतून जनावरात, त्याच्या खुरातून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीत ठोकून मशीनला जोडलेल्या, सळीवाटे मशीनकडे परत यायला हवा. आमची जांभ्याची माती वाळून कोळ झालेली, त्यातून करंट जाईना, आणि सळी जेमतेम दीड फुटाची.

चार फुटी तीन जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सळ्या आणल्या, पाण्याच्या दोणीजवळ दहा-दहा फुटांवर ठोकल्या, एकाच तारेनं जोडल्या. दोणीचं सांडपाणी तिकडंच वळवलं. तारेला टेकलेलं गवतही कापलं, त्यातून करंट गळतो.

संध्याकाळी थोरलीनं तारेला नाक लावलं, फुसकन श्वास सोडला आणि चार पावलं मागं सरली.