भयपटाची सुरुवात: एकच संकेत, पण उलटा

करकरणारं दार, लुकलुकणारा दिवा, आरशातला चेहरा. विद्यार्थ्यांच्या भयपटात हे तिघंही पहिल्याच मिनिटात हजेरी लावतात. दोन मिनिटांच्या सुरुवातीला असा एकच ठरलेला संकेत पुरतो. तो निवडा आणि त्यातली एकच गोष्ट फिरवा.

दार घ्या. नेहमीचा क्रम ठरलेला: करकर, मुलगी वळते, दार उघडतं, दचका. त्याऐवजी पहिल्या फ्रेमपासून दार मागे अर्धवट उघडं ठेवा. मुलगी पुढे वाचत बसलेली, कॅमेरा ट्रायपॉडवर, सलग ४० सेकंद कट नाही. ती पाणी प्यायला फ्रेमबाहेर जाते. धूसर पार्श्वभूमीत दार आवाज न करता बंद होतं. ती परत येऊन वाचू लागते. तिला पत्ताच नाही.

बिजागरीला आधी तेल द्या. दार ओढणारा पलीकडच्या बाजूला हवा, सावली पडता कामा नये. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) दोन्ही लॉक करा, नाहीतर मुलगी उठताच मोबाइलचा फोकस दाराकडे धावतो आणि गुपित तिथेच फुटतं.

अंधार म्हणजे काळा पडदा नव्हे. प्रकाश फार कमी पडला की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) चढतो आणि सावल्यांत दाणे वळवळतात. दारामागे एक मंद दिवा ठेवा, म्हणजे दाराची कड दिसेल.

खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद वेगळा रेकॉर्ड करा. संकलनात त्याखाली पंख्याची घरघर घाला आणि दार मिटताच ती तोडा. संगीत नकोच, ते प्रेक्षकाला आधीच सावध करतं.