रिव्हॉल्व्हर देऊन पिस्तूल घेताय? या चुका टाळा

"अण्णा, मॅगझिन काढलंय, रिकामंच आहे," असं म्हणत आमच्या एका सराफ मित्राने नवं पिस्तूल माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. नळी सरळ माझ्या पोटाकडे. मी ते उचललं, नळी भिंतीकडे वळवली, स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागे ओढली आणि एक काडतूस टुणकन उडून चहाच्या बशीत पडलं. त्या दिवशी त्याने चहा घेतलाच नाही.

माणूस निष्काळजी नव्हता. वीस-बावीस वर्षं त्याने पॉइंट बत्तीसची रिव्हॉल्व्हर सांभाळली होती. घोळ सवयीचा होता. आपल्याकडची सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हर मधून मोडली की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर येतात. भरलेली की रिकामी, हे विचारायलाच नको. पिस्तुलात मॅगझिन, म्हणजे काडतुसांची काढता येणारी पेटी, मुठीत आणि चेंबर, म्हणजे गोळी जिथून उडते ते घर, वर नळीच्या मागच्या टोकाशी. मॅगझिन बाहेर आलं तरी चेंबरमधलं काडतूस जागचं हलत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसतही नाही.

म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, आत डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला की फसगत. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलते. मग तुम्ही मॅगझिन काढता आणि निर्धास्त होता. घरी हे करताना नळी वाळूने भरलेल्या बादलीकडे धरा. बायको हसेल, हसू दे.

मुळात बदल कशासाठी?

सोलापुरात याचं खरं कारण ऊन आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास गेल्यावर अंगात पातळ सुती शर्टाशिवाय काही टिकत नाही, आणि त्या शर्टाखाली रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरणारा गोल, गाठीसारखा वर येतो. पिस्तूल चपटं, ते लपतं. हे कारण पटण्यासारखं आहे. "जास्त राउंड बसतात" हे मात्र मला पटत नाही. खिशात मावेल अशा पॉइंट बत्तीस पिस्तुलात सात-आठ राउंड, म्हणजे सहापेक्षा एक-दोन जास्त. तेवढ्यासाठी हातात मुरलेली सवय मोडू नये. वजन हेच कारण असेल तर २०१४ साली कानपूरहून आलेली निर्भीक रिव्हॉल्व्हर बघा, ती जेमतेम अर्ध्या किलोची आहे.

आणि सिनेमात दिसतं ते नऊ एमएम विसरा. तो बोअर, म्हणजे नळीचं माप, प्रतिबंधित आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही.

दोन्ही बत्तीसच, पण एक नव्हेत

ही चूक वरवर साधी दिसते, म्हणून जास्त होते. रिव्हॉल्व्हर पॉइंट बत्तीस, पिस्तूलही पॉइंट बत्तीस, मग घरात उरलेली काडतुसं चालतील, असा हिशोब. चालत नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची केस (पितळी नळकांडं) २३ मिलिमीटर लांब असते आणि बुडाला चांगली कड असते. पिस्तुलाची केस १७ मिलिमीटर, कड नावापुरती. लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसणारच नाही, ते एका अर्थी बरंच. उलटं जास्त वाईट. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात बऱ्याचदा जातं, पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त असतो. जुन्या शस्त्रावर असला प्रयोग करू नका. खरेदी करताना डब्यावर 'पिस्तूल' की 'रिव्हॉल्व्हर' हे वाचा, आणि बदलाच्या काळात दोन्ही शस्त्रं घरात असतील तर डबे वेगवेगळ्या कपाटात ठेवा.

दुकानात फक्त हातात धरून बघणं

पिस्तूल हातात धरलं, छान वाटलं, घेतलं. असं करू नका. दुकानदाराला रिकामं आहे ना ते दाखवायला सांगा, स्वतःही बघा, आणि स्लाइड दहा वेळा ओढा. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात उलट असतं. या जातीच्या बहुतेक पिस्तुलांत नळी बंद धरायला वेगळं कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सगळं चालतं, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. साठी ओलांडलेल्या किंवा बोटं आखडलेल्या माणसाला पाचव्या-सहाव्या खेपेलाच समजतं. तिथे हात थकला तर रिव्हॉल्व्हरच ठेवा, त्यात कमीपणा नाही.

मग पकड. रिव्हॉल्व्हर धरताना अंगठा सिलिंडर आणि नळीमधल्या फटीपाशी गेला नाही, तर मागे कुठेही असला तरी फारसं बिघडत नाही. पिस्तुलात मात्र डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा आला की पहिल्याच गोळीला कापला जातो. वाल्थर पीपीकेसारख्या छोट्या पिस्तुलात हात मांसल असेल तर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यालाही स्लाइड चावते. माझ्या हातावर ती खूण अजून आहे.

जुनं परदेशी पिस्तूल घेण्याचा मोह अनेकांना होतो. पीपीके १९३१ सालापासूनचं, नाव मोठं, आणि नवी आयात बंद असल्याने भावही अवाच्या सवा. पैसे मोजण्याआधी दुसरं मॅगझिन मिळेल का ते विचारा. मॅगझिनचे ओठ (वरच्या कडा) वाकलेले असतील तर सगळं पिस्तूल रुसतं. शिवाय बऱ्याच जुन्या पिस्तुलांत काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन अडवणारी सोय नसते, हातातून पडलं तर उडू शकतं. अशा शस्त्राचं चेंबर भरून फिरू नये. पिस्तूल कुठलंही असो, पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच.

अडकलं तर काय

रिव्हॉल्व्हरचं काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचं घर येतं. हीच सवय घेऊन माणूस पिस्तुलाचा चाप ओढत बसतो. तिथे पुढचं काडतूस आणायला स्लाइड हातानेच ओढावी लागते. रेंजवर असाल तर मात्र घाई नको. नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कधी कधी काडतूस उशिरा पेटतं.

रिकामी केस बाहेर पडताना मध्येच उभी अडकत असेल तर आधी मनगट तपासा. मनगट सैल असलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही. रिव्हॉल्व्हरवाल्यांची ही खास तक्रार, आणि दोष मात्र पिस्तुलाला. पॉइंट बत्तीसचा आणखी एक आजार आहे. काडतुसाला थोडी कड असल्याने मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि मग स्लाइड ओढूनही सुटत नाहीत. भरताना प्रत्येक काडतूस पूर्ण मागे सरकवा आणि वरचं नेहमी खालच्याच्या पुढे राहील हे बघा.

तेल आणि टॉवेल

हे खास सोलापूरकरांसाठी. आपल्या घरात टॉवेलला तोटा नाही, म्हणून शस्त्र टेरी टॉवेलात गुंडाळून कपाटात जातं. रिव्हॉल्व्हरने ते वर्षानुवर्षं सहन केलं. पिस्तुलाच्या स्लाइडच्या खाचांत आणि रिकामी केस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मात्र त्या टॉवेलचे तंतू जाऊन बसतात. माझ्याकडे 'बिघडलेलं' म्हणून आलेल्या एका पिस्तुलातून चिमट्याने निळे धागे काढले, दुसरं काही केलं नाही. जुनं धुतलेलं मलमल वापरा.

खोबरेल तेल तर लावूच नका. ते पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडे त्याहून बरीच थंडी असते. मागावर वापरतात ते पातळ स्पिंडल तेल घरात असेल तर दोन थेंब, पुसून. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवलं तर घाम आणि दमटपणाने गंज चढतो. होल्स्टर फिरण्यासाठी, कपाटासाठी नाही.

कागद आधी, पिस्तूल नंतर

रिव्हॉल्व्हर मित्राला देऊन टाकली आणि मग अर्ज केला, असं झालं की पुढे निस्तरत बसावं लागतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे खासगी शस्त्र विकायचं तर घेणारा परवानाधारक हवा, शिवाय जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, बार्शी, मंगळवेढ्याकडच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालय. परवान्यावर शस्त्राचा प्रकार काय लिहिलाय ते आधी वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घरात वडिलांची बारा बोअरची बंदूक आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही तुमच्या नावावर असतील तर पिस्तुलासाठी आधी जागा करावी लागेल. तीच दुरुस्ती वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, देते.

आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला कमरेला लावून जाणारे दरवर्षी एखादे तरी भेटतात. "गर्दीत सोनं असतं की ओ," हे त्यांचं उत्तर. परवान्याच्या मागच्या अटी वाचा. खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तर नाहीच नाही.

निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. रिव्हॉल्व्हरच्या वेळी एक नग, एक नंबर, काम संपलं. पिस्तुलाबरोबर मॅगझिन दोन असतात. पावतीवर दोन लिहून घ्या. परत आणताना एकच हातात आलं, तर दाखवायला तो कागदच लागतो.