क्यू टॅग वापरताय? अवतरणचिन्हांच्या या चुका टाळा

परवा एका मराठी संकेतस्थळाचा लेख तपासत होते. मध्येच ओळ आली: ““स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे,”” असे टिळक म्हणाले. चिन्हे दोन-दोनदा. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या खुणांच्या भाषेत, छोट्या अवतरणासाठी क्यू (q) टॅग आहे आणि त्याची चिन्हे ब्राउझर स्वतः घालतो. वर हातानेही टाइप केली, की अशी दुप्पट होतात. इंटरनेट एक्सप्लोरर ८च्या (२००९) आधीच्या आवृत्त्या ही चिन्हे घालतच नसत.

उलट तक्रारही येते: टॅग आहे, चिन्हे गायब. तेव्हा आधी सीएसएस रिसेटची, म्हणजे ब्राउझरची मूळ सजावट पुसणारी, फाइल बघा. बऱ्याच रिसेटमध्ये क्यूसाठी ‘कोट्स’ची किंमत ‘नन’ ठेवलेली असते, आणि अवतरणाच्या आधी-नंतर चिन्हे घालणाऱ्या बिफोर-आफ्टरचा ‘कन्टेन्ट’ही पुसलेला असतो. रिसेटनंतर लोड होणाऱ्या फाइलमध्ये बिफोरला ‘ओपन-कोट’, आफ्टरला ‘क्लोज-कोट’ पुन्हा द्या आणि ‘कोट्स’ला ‘ऑटो’ करा.

चिन्हे „अशी“ दिसत असतील, तर पानाचे टेम्प्लेट (तयार साचा) बहुधा जर्मन असणार. पानाची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’मध्ये मराठीसाठी ‘एमआर’ (mr) लिहा. पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही भाषा कळते.

अवतरणात अवतरण असेल तर क्यूच्या आत क्यू घाला, आतली एकेरी चिन्हे ब्राउझर देतो. अनेक परिच्छेदांच्या उताऱ्याला मात्र ब्लॉककोट हाच टॅग हवा. आणि साइट (cite, संदर्भाचा) टॅगमध्ये टिळकांचे नाव नको. तो पुस्तक, वृत्तपत्र अशा कृतीच्या नावासाठी आहे, म्हणजे ‘केसरी’ तिथे शोभेल.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. क्यूची चिन्हे सीएसएसमधून येतात, मजकुरात ती नसतातच. लेखाचा सारांश काढताना टॅग गाळले, की चिन्हेही जातात. मग ते वाक्य टिळकांचे न राहता लेख लिहिणाऱ्याच्या तोंडी जाते. दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याच्याच नावावर राहावेत, म्हणून तर आपण ही खूण करतो! क्यू टॅग सक्तीचा नाही, हाताने टाइप केलेली चिन्हेही एचटीएमएलला चालतात. मराठी लेख व्हॉट्सअॅपवर उचलून पाठवले जातात, त्यामुळे मी चिन्हे हातानेच टाइप करते आणि क्यू वापरत नाही.

जुन्या लेखांत दोन्ही पद्धती मिसळल्या असतील, तर सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका. लिंकच्या पत्त्याभोवतीची सरळ चिन्हेही त्यात उडतात आणि पान मोडते. फक्त क्यू टॅग शोधा, एकेक उघडून बघा.