गावातल्या घरी स्ट्रीमिंगची सिस्टीम जमवायची तं आधी खोली पाहा, अ‍ॅप मग

"भौ, तुमच्याकडं गाणं इतकं मोकळं वाजते, आमच्याकडं काहून डब्यातल्यावानी येते?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, अन् विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा गाण्याच्या अ‍ॅपचा महागाचा प्लॅन घेतलेला असते अन् गाणं मात्र मोबाईलवरून ब्लूटूथनं वाजवून राहिलेला असते. विहिरीला पाणी कितीही असो, मोटर पाच एचपीची असो, मधात कुठं पाइप चेपला असला तं शेवटच्या सरीपर्यंत धार पोचत नाही. इथंही तसंच आहे, अ‍ॅपपासून तर स्पीकरपर्यंत कुठं चेपलं ते आधी शोधायचं, पैसे नंतर काढायचे.

सुरुवात खोलीपासून करा, कारण ती फुकटात सुधारते. आमच्या समोरच्या खोलीला वर टीन अन् खाली सिमेंटची फरशी, टाळी वाजवली तं आवाज दोनदा ऐकू यायचा. एका वर्षी दिवाळीनंतर भाव नव्हता म्हणून वेचलेला कापूस त्याच खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत भरून ठेवला होता, अन् त्या दिवसांत सिस्टीम अशी नेटकी वाजली की मला वाटलं स्पीकर आता कुठं मोकळे झाले. फेब्रुवारीत गाडी भरून कापूस गेला अन् खोली पुन्हा भणभणायला लागली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आता मागच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवलेल्या असतात, खाली जाड सतरंजी, काम भागते. (कापसाजवळ अ‍ॅम्प्लिफायर मात्र ठेवू नका, तो तापतो.)

स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं घ्या, कोपऱ्यात कोंबले की बेस नुसता घुमतो. दोन्ही स्पीकरमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसा, अन् वरचा लहान स्पीकर कानाच्या उंचीवर आणा. गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर स्पीकर ठेवू नका, कोठीच वाजते. वायर लावताना लाल ते लाल, काळी ते काळी हे दोन्ही बाजूला तपासा, एका बाजूची उलटी लागली तं आवाज येतो पण बेस गायब होतो. मी हे दोन महिने चुकीचं लावून ठेवलं होतं अन् तालुक्याच्या दुकानात जाऊन सबवूफरचा भावसुद्धा विचारून आलो होतो, दुकानदार तं विकायला तयारच होता!

मग लाइट. स्पीकरमधून सारखा घुंss आवाज येत असला तं अर्थिंग पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईला सोडते, अन् पावसाळ्यात नसलेली घरघर एप्रिलात सुरू होते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकून पाहा, आमच्याकडं त्यानं फरक पडला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला असला तं लाइट गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायर हमखास गुरगुरते, नवीन घ्यायचाच असला तं साइन वेव्ह घ्या. कूलरची मोटर अन् अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर नको.

आता खरं चेपलेलं पाइप म्हणजे फोन ते अ‍ॅम्प्लिफायर हा रस्ता. सीडीचा आवाज म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १४११ किलोबिट (सेकंदाला जेवढी माहिती जाते तो बिटरेट). साधं ब्लूटूथ, ज्याला एसबीसी म्हणतात, ते जास्तीत जास्त ३३० च्या आसपास पोचवते, तेही दाबून. एलडॅक, म्हणजे ब्लूटूथचाच वरचा प्रकार, ९९० पर्यंत जाते, पण फोन अन् रिसीव्हर दोघांतही ते पाहिजे, अन् मधात माणूस आला की ते आपोआप खाली उतरते. म्हणजे लॉसलेसचे, म्हणजे काही न गाळता येणाऱ्या गाण्याचे, पैसे भरून ब्लूटूथनं ऐकणं म्हणजे दूध तापवून त्यात पाणी ओतणं झालं.

त्यापेक्षा हे करा. घरात जुना फोन पडला असेल, स्क्रीन फुटलेला असला तरी चालते, त्याला यूएसबी डॅकचा (फोनमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा) लहान डोंगल लावा, डोंगलमधून ३.५ एमएम ते आरसीए वायर (एका टोकाला इअरफोनची पिन, दुसऱ्याला लाल-पांढऱ्या पिना) अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स लिहिलेल्या जागेत घाला. डोंगल घेताना चार्जिंगची जागा असलेला पाहा, नाहीतर गाणं नाहीतर चार्जिंग असं होते, अन् फोन दिवसरात्र चार्जिंगवर ठेवू नका, बॅटरी फुगते. फोनचा आवाज पूर्ण वर, कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरून, इक्वलायझर बंद. हात थोडा मोकळा असला तं वायफायवाला स्ट्रीमर (नेटवरून सरळ गाणं घेणारा डबा) घ्या, नाहीतर पोट्ट्यांपैकी कोणाला कॉम्प्युटरचं वेड असेल तं रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर व्होल्युमिओ टाकून द्या, गाणं वाजवायचं सॉफ्टवेअर आहे, साधं रूप फुकट मिळते.

राऊटरचं थोडक्यात सांगतो. मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ नीट पार होत नाही, २.४ वर ठेवा, गाण्याला तेवढी स्पीड भरपूर झाली. लॅनची वायर ओढता आली तं सगळ्यात बरं.

अ‍ॅप शेवटी. यूट्यूब म्युझिक वरच्या सेटिंगला २५६ किलोबिटपर्यंत देते, स्पॉटिफाय ३२० पर्यंत, अन् सप्टेंबर २०२५ पासून त्यांनीही लॉसलेस आणायला सुरुवात केली, कोणत्या प्लॅनमध्ये मिळते ते पैसे भरायच्या आधी वाचा. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस २०२१ पासून वेगळे पैसे न घेता आहे, अँड्रॉइडवरही चालते. पण नुसता प्लॅन घेऊन होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी हातानं वर करावी लागते, अर्धे लोक इथंच राहतात.

डेटाचा हिशोब: ३२० वर तासाला साधारण १४४ एमबी, सीडी दर्जाचं लॉसलेस ३०० ते ४५०. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन-चार तास निघतात. २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं, सीडीच्याही वरचं हाय-रेझ लावलं तं मात्र पॅक तासभरही टिकत नाही, अन् मे महिन्यात कूलर धडधडत असताना ते कोणाला ऐकू येणार आहे? माझं मत स्पष्ट आहे, त्याच्या मागं लागू नका. आवडीची गाणी रात्री नेट बरं असताना लॉसलेसमध्ये डाउनलोड करून ठेवा, म्हणजे दुपारी टॉवर गेला तरी वाजत राहते.

तपासायला तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन लावा. खंजिरीच्या झांजा ही दाबलेल्या फाइलची पहिली कसोटी: कमी बिटरेटला त्या "छन्" करायच्या ऐवजी "छश्श" करतात, पाण्यातून आल्यासारखं. डोळे मिटून पोराला सेटिंग बदलायला सांगा. ९६ अन् ३२० मधला फरक माझ्या आईनंही ओळखला. ३२० अन् लॉसलेस मला दहापैकी सहा वेळा ओळखता आलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच, तरी मी लॉसलेस ठेवलं, हौस आहे.

अन् रात्री सगळं बंद करून थंड झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरवर फडकं टाकत जा, उबेला पाली आत शिरतात. मागच्या हिवाळ्यात आमचा फ्यूज उडाला, खोलून पाहिलं तं आत तीच चिकटून होती.