ट्रॅक्टरचं इंजिन बांधताना कुठल्या जॉइंटला कुठली पेस्ट

इंजिन उघडून लायनर-पिस्टन घालून परत बांधायला घेतलं की बहुतेक जण सिलिकॉनची एकच ट्यूब आणतात आणि टॅपेट कव्हरपासून खालच्या चेंबरपर्यंत (ऑइल साठतं ती तळाची परात) तीच फासतात, आणि मग मिरगाच्या पहिल्या चिखलणीला टायमिंग कव्हरखालून ऑइल गळायला लागलं की पॅकिंग डुप्लिकेट होतं म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात. पॅकिंगचा दोष असतो कधीकधी, नाही असं नाही, पण जास्त वेळा चुकीच्या जागी चुकीची पेस्ट नाहीतर गरजेपेक्षा दुप्पट पेस्ट हेच कारण निघतं. कुठली पेस्ट कशाने सुकते आणि त्या जॉइंटच्या आत ऑइल आहे, पाणी आहे की डिझेल, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

सिलिकॉन, म्हणजे आरटीव्ही, हवेतल्या ओलाव्याने सुकतं. त्यामुळे आपल्याकडे पावसात ट्यूबवर लिहिलेल्या वेळेच्या आधीच त्यावर साय धरते, म्हणून सगळे बोल्ट हाताशी ठेवून मगच ट्यूब उघडा. पातळ पत्र्याची कव्हरं, चेंबर, टायमिंग कव्हर, जिथे पत्रा थोडा हलतो, ताणतो, तिथे हे बरोबर. दोन-तीन मिलिमीटरची एकच सलग वात ओढायची, बोल्टच्या भोकापाशी आली की आतल्या बाजूने वळवून घ्यायची, कव्हर बसवून बोल्ट आधी हलकेच धरायचे आणि मग क्रॉसमध्ये आवळायचे. जास्त लावलं तर बाहेर आलेलं तुम्हाला दिसतं आणि पुसता येतं, पण तेवढंच आतही आलेलं असतं, ते तुटून ऑइलमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं. बाहेरून एकदम सुबक दिसणारं इंजिन ऑइल प्रेशर न मिळून बसतं ते असं. आणि ट्यूब घेताना वास बघा, माडाच्या विनागरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिड सोडणारं स्वस्तातलं सिलिकॉन, लोखंड-तांब्याला गंज धरवतं, खाजन शेतात खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या मशीनला तर नकोच, न्यूट्रल लिहिलेलं मागा. डिझेल लागतं तिथे कुठलंच सिलिकॉन नको, ते फुगतं आणि सुटतं.

दुसरी जात ॲनएरोबिक. ही उलटी चालते, हवा बंद झाली आणि लोखंडाला टेकली की सुकते, बाहेर राहिलेली ओलीच राहते आणि आत गेलेली ऑइलबरोबर वाहून जाते, जाळी चोक होत नाही. मशीन मारलेले दोन जाड, सपाट भाग एकमेकांवर बसतात तिथे, मध्ये पॅकिंगच नाही अशा जागी, ही पहिली पसंती. पण फट पाव मिलिमीटरच्या आत हवी. स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पात्यांची जुडी) घेऊन तपासा, पत्र्याच्या वाकड्या कव्हरला ही लावून काही उपयोग नाही.

बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना लावतात ते लॉकटाइट पण याच जातीचं. निळं, म्हणजे २४३, साध्या पान्याने उघडतं. लाल २७१ उघडायला २५० डिग्रीपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा पुढच्या वेळी तो बोल्ट खोलणारा तुमच्या नावाने काय बोलेल याचा विचार करून लावा. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टना इंजिनच्या पुस्तकात सांगितलेलं सोडून काही लावू नका, कारण आटे ओले असले की त्याच टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच आवळण्याच्या जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो.

हेडचे काही स्टड ब्लॉकमध्ये इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या जागेत, म्हणजे पाण्याच्या जॅकेटमध्ये, आरपार जातात. त्यांच्या आट्यांना सीलर पाहिजेच, नाहीतर पाणी आट्यांवरून वर चढून हेडखाली झिरपतं आणि आपण उगाच हेड गॅस्केटला शिव्या घालतो. याउलट जे भोक आरपार नाही ते आधी एअर मारून कोरडं करा. तळाशी ऑइल किंवा पेस्ट राहिली तर बोल्ट आवळताना तिला जायला जागाच नसते, ब्लॉकला तडा जातो. नवा ब्लॉक काय भावाने पडतो ते वेगळं सांगायला नको.

हेड गॅस्केट कोरडंच. पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तरच काही लावायचं, चार थेंब शेलॅक बरं असतं म्हणणारा मेस्त भेटेल, मान हलवा आणि कोरडंच बसवा. वेट लायनरच्या, म्हणजे ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं त्या लायनरच्या, ओ-रिंगना साबणाचं पाणी, सिलिकॉन बिलकूल नाही, खाचेत ते भरलं की रबराला दबायला जागा उरत नाही आणि लायनर वाकतो. टॅपेट कव्हरचं बुचाचं पॅकिंग कव्हरच्या बाजूने चिकटवा, हेडच्या बाजूला नुसता ऑइलचा हात, म्हणजे टॅपेट सेटिंगला कव्हर काढलं तरी ते फाटत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सिलिकॉन जळून जातं, तिथे पॅकिंग कोरडं आणि स्टडना कॉपर ग्रीस.

डिझेलच्या पाइपांच्या बँजो बोल्टना (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं) पेस्टही नको, टेपही नको. तांब्याचे वायसर नवे घाला, नाहीच मिळाले तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतात. डिझेल फवारणाऱ्या नोझलखालचे मात्र नवेच. ऑइल प्रेशरच्या स्विचला टेफलॉन टेप गुंडाळायची सवय सोडा, टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात आणि स्विचला अर्थिंग नीट न मिळाल्याने लाईट भलतंच दाखवते. लिक्विड सीलर लावा, पुढचे एक-दोन आटे मोकळे सोडून.

हे सगळं स्वच्छ लोखंडावर. जुनं पॅकिंग स्क्रेपरने काढा, ग्राइंडरला एमरी डिस्क लावून नाही, ती धूळ बेअरिंगमध्ये जाते. मग थिनरने पुसायचं, आणि पावसाचे दिवस असतील तर ब्लॉकवर धरलेला दमटपणा पेस्ट लावायच्या अगदी आधी परत एकदा पुसायचं. सिलिकॉन लावलेल्या इंजिनात ऑइल दुसऱ्या दिवशी ओता.

उरलेलं सिलिकॉन नोझलच्या टोकाला सुकेलच, खिळा घालून ठेवा, पुढच्या वेळी तेवढा बूच ओढून काढता येतो. लॉकटाइटची बाटली नवी असतानाच अर्धी रिकामी दिसते, ती फसवणूक नाही, हवा नसेल तर आतच गोठेल म्हणून ती जागा सोडलेली असते. दोन बाटल्यांतलं एकात ओतून ती गच्च भरून ठेवू नका.