ढोलकवाल्याने बोंगो हातात घेताना

आर्केस्ट्रात साइड रिदमला, म्हणजे मुख्य ठेक्याला भर देणाऱ्या तालवाद्यांवर, बसायचंय ना? मग बोंगो, म्हणजे एकमेकांना जोडलेले लहान-मोठे दोन ढोल, जमिनीवर ठेवून बडवू नका. खुर्चीवर बसा, तो गुडघ्यांत धरा. उजवखोऱ्याने लहान तोंड डावीकडे ठेवायचं, मोठं उजवीकडे. वाजवायचं बोटांनी, पंजा ढोलकसाठी राहू द्या.

आता तोंडाने केरवा, आपला आठ मात्रांचा ताल, म्हणा : धा गे न ति, न क धि न. क्यूबात बोंगोचा जो पायाचा ठेका आहे, मार्टिलो, तोही आठाचाच. उजवा हात विषम मात्रांवर, डावा सम मात्रांवर, सगळं लहान तोंडावर. फक्त सातव्या मात्रेला उजवा हात मोठ्या तोंडावर जातो. आणि केरव्यात सातवीला काय आहे? ‘धि’! बाया, म्हणजे खर्जाची बाजू, परत बोलतो तीच जागा. लॅटिन ताल आपल्या सिनेमात पाहुण्यासारखा अवघडून बसला नाही, त्याचं माझ्या मते अर्धं कारण या एका मात्रेत आहे.

अडचण पाचवीला येते. केरव्याची तिथे खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, त्यामुळे आपला हात सवयीने हलका पडतो. बोंगोला मात्र पहिलीइतकाच पाचवीलाही जोर लागतो. एवढंच हळू लयीत घोटा. हात आपोआप चालेपर्यंत लय वाढवायची नाही.

मग ऐकायला बसा. ‘अलबेला’ (१९५१) मधलं ‘शोला जो भड़के’ लावा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे चितळकर. गायकाकडे लक्ष देऊ नका, बोंगोचाच माग काढा. ही लॅटिन तालवाद्यं हिंदी स्टुडिओत रुळवण्यात तालवादक कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा. पुढे आर. डी. बर्मनच्या गाण्यांत अमृतराव काटकरांचं रेसो-रेसो, म्हणजे काडीने घासून वाजवायचं खाचांचं वाद्य, ऐका. ते खरखरतं, पण ठेक्याच्या अंगावर येत नाही. साइड रिदम म्हणतात तो हा.

ऑक्टोपॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर, बोंगो एका टिचकीत येतो, येऊ दे. पण ज्याने हाताने वाजवलाय त्याचा पॅडही वेगळा वाजतो.

ढोलकबरोबर वाजवताना लहान तोंड ढोलकच्या चाटीपेक्षा, म्हणजे त्याच्या लहान तोंडापेक्षा, चढ्या स्वरात लावा, नाहीतर दोघांचा आवाज एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो. ढोलकवाला उठान, म्हणजे जोरदार उठाव, घेत असेल तेव्हा भरीची बोटं थांबवा. आणि कार्यक्रम संपला की पान्याने चामडं ढिलं करून मगच पेटीत ठेवा. ताणलेलं ठेवलं तर रात्रीतून फाटू शकतं.